नाव घेऊन विचारलंत, म्हणून

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर "बरं बरं, चहा घे आधी" म्हणत तुम्ही ते न वाचताच पर्समध्ये सरकवलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितेय. दुसरं कारण असं, की आजूबाजूच्या गावांतल्या बायका मला विचारतात, "तू ग्रामपंचायतीला उभी कशी राहिलीस गं?" त्यावर "ताईंनी मदत केली" एवढंच सांगितलं तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही. मदत म्हणजे नेमकं काय केलंत, ते एकदा सगळ्यांसमोर यायला हवं.

"महिलांनी राजकारणात आलं पाहिजे" हे दर ८ मार्चला मंचावरून ऐकते. पण मंचावरून खाली उतरून कुणा बाईला "तुझा वॉर्ड कोणता?" असं विचारणारा वक्ता मी पाहिलेला नाही. तुम्ही विचारलंत. बचत गटाची बैठक संपत आली होती, हिशोबाची वही माझ्यापुढे होती, आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "दोन नंबर वॉर्डातून तू उभी राहायचं." मी हसण्यावारी नेलं. पुढच्या बैठकीत परत तेच. मग घरी आलात. पुरुषांना एवढं विचारावं लागत नाही, ते जागांच्या आरक्षणाची सोडत निघायच्या आधीच बॅनर छापून मोकळे असतात.

माझी अडचण वेगळीच होती. वॉर्डातली महिलांची जागा त्या खेपेला अनुसूचित जमातीसाठी गेली होती. मला चालण्यासारखी उरली ती सर्वसाधारण. घरात, गल्लीत, पॅनलच्या लोकांत सगळ्यांचं एकच, "ती बाईची जागा नाही." तुम्ही सोडतीचा कागद माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "सर्वसाधारण म्हणजे पुरुषांना राखीव, असं यात कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखव." मला दाखवता येईना. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा आपल्याला मिळाल्या, राज्याने २०११ मध्ये त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. पण हे कमीत कमी आहे. बायका जास्तीत जास्त इतक्याच असाव्यात, असं कुठल्याच कायद्यात नाही. तरी आरक्षण फिरलं की काल निवडून आलेली बाई आज मुकाट घरी बसते, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नाही.

तुम्ही बसला नाहीत. तुमची जागा खुली झाली तेव्हा पॅनलवाले म्हणाले होते, "ताई, आता आराम करा." तुम्ही त्याच जागेवरून उभ्या राहिलात आणि पडलात. ती हकीकत तुम्ही इतक्या सहज सांगता, की ऐकणाऱ्याला पडण्याची भीतीच राहत नाही. त्याच्या जोडीला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडची गोष्ट. १९८६ च्या शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला तुम्ही नव्या नवरी असताना सासूबाईंबरोबर गेला होतात. त्याच चळवळीतून पुढे तीनेक वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये सगळी ग्रामपंचायतच बायकांची निवडून आली. ७३ वी घटनादुरुस्ती तेव्हा व्हायचीच होती. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

पण ताई, नुसत्या हुरूपावर अर्ज भरला जात नाही, आणि तुमचे खरे आभार मानायचेत ते त्या निळ्या फायलीसाठी. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला, निवडणूक खर्चासाठी माझ्या एकटीच्या नावाचं वेगळं बँक खातं, अपत्यांचं घोषणापत्र, अर्जावर सही करणारा त्याच वॉर्डातला सूचक. आमचं घर सासऱ्यांच्या नावावर, पट्टी भरायची ती दिरांनी, आणि त्यांनी ती भरली नसेल तर खोडा माझ्या अर्जाला! तुम्ही पावत्या मागितल्यात तेव्हा दीर जरा चिडलेच. पण दुसऱ्या दिवशी जाऊन भरून आले.

अपत्यांच्या घोषणापत्रापाशी तुम्ही दर वेळी गप्प होता, ते मी पाहिलंय. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या मुलामुळे संख्या दोनाच्या वर गेली, की अर्ज बाद. नियम बाई-पुरुष दोघांनाही सारखाच. पण मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही हे ठरवणारं घर वेगळं, आणि अपात्र ठरणारी बाई वेगळी. आमच्या वॉर्डात माझ्याहून कितीतरी चांगलं बोलणारी, रेशन दुकानदाराला नियम तोंडपाठ म्हणून दाखवणारी एक बाई होती. तुम्ही आधी तिच्याकडेच गेला होतात. तिला तिसरं मूल आहे.

छाननीचा दिवस आठवतो? मतदार यादीत माझं माहेरचं नाव, आधार कार्डावर लग्नात बदललेलं. समोरच्या उमेदवाराने त्यावरच हरकत घेतली, "ही बाई ती नव्हेच." माझे हातपाय गार पडले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी फाईल उलटसुलट केली आणि तुम्ही तीन आठवडे माझ्या मागे लागून काढवून घेतलेला विवाह नोंदणीचा दाखला सापडला, मतदार यादीच्या पानाला टाचणीने लावलेला. दोन्ही नावं एका कागदावर. हरकत फेटाळली गेली. लग्नात नाव बदलून घेताना माझ्यासकट कुणाला वाटलं होतं, की त्याचा हिशोब तहसील कचेरीत द्यावा लागेल?

घरचं तर तुम्ही माझ्याहून जास्त सांभाळलंत. "सूनबाईला परवानगी द्या" असं तुम्ही कुणालाच म्हणाला नाहीत. थेट वेळेचंच बोललात. प्रचारात संध्याकाळी सहा ते नऊ ही बाहेर असणार, त्या वेळात पोरांचा अभ्यास कोण घेणार आणि भाकऱ्या कोण थापणार? सासूबाई म्हणाल्या भाकऱ्या मी बघते, अभ्यास ह्यांच्या अंगावर पडला. निवडणूक संपली तरी तो त्यांच्याकडेच राहिलाय, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

समोरून जेवणावळी चालल्या होत्या. तुम्ही माझ्या हाती एक वही दिलीत आणि रिक्षाचं भाडंसुद्धा लिहायला लावलंत. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, पडलेल्या उमेदवारानेही द्यायचा, न दिल्यास पुढच्या निवडणुकीला मुकावं लागू शकतं, हे किती जणींना ठाऊक असतं? पडलेली बाई वैतागून वही फेकते आणि पुढची खेपही घालवून बसते.

निवडून आल्यावर सत्कार झाले, हार पडले. त्या गर्दीत तुम्ही नव्हतात. पहिल्या मासिक सभेच्या आदल्या रात्री मात्र आलात. म्हणालात, "इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करायची नाही. आणि ठरावाच्या खाली कोरी जागा राहिली असेल तर आधी तिथे आडवी रेघ मारायची, मग सही." सभेत मी पेन काढून रेघ मारली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले. कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून कोरी जागा राहतच नाही. तुमची दुसरी ताकीद होती फोन नंबरची. पंचायतीच्या नोंदीत माझाच नंबर, ह्यांचा नाही. एकदोनदा "मिस्टरांना पाठवा, सह्या घ्यायच्यात" असे निरोप आले, तेव्हा ह्यांनीच सांगितलं, "सदस्य ती आहे, तिला फोन करा." सरपंच पतीच्या नावाने बोटं मोडणं सोपं असतं. पण नोंदवहीतला नंबर बदलायला कुणी सुचवत नाही.

ग्रामसभेआधीची महिला सभा आमच्याकडे कागदावरच व्हायची. आता शाळेच्या व्हरांड्यात भरते. पहिल्या सभेला आलेल्या बायका आधी पाण्याच्या वेळेवर बोलल्या, मग रस्त्याच्या दिव्यांवर, आणि शेवटी अंगणवाडीच्या गळक्या छपरावर इतक्या तावातावाने, की ग्रामसेवकांना लिहून घेताना दुसरं पेन मागावं लागलं.

एका बाबतीत मात्र आपलं जमत नाही, ते इथेच सांगून टाकते. तुमचं म्हणणं, पक्षाच्या वाटेला जाऊ नकोस, गावातच राहा. ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून तिकिटासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही, हे खरं. पण पंचायत समितीपासून वर तिकीट लागतं, आणि बायका गळतात त्या तिथेच. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. एक तृतीयांश आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण तो लागू होणार जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर. तोवर वाट बघत बसायचं का? सर्वसाधारण जागा म्हणजे पुरुषांची जागा नव्हे, हे तुम्हीच शिकवलंत. मग ते तालुक्यालाही लागू असायला हवं. मी पंचायत समितीच्या आमच्या गणातून, म्हणजे मतदारसंघातून, तिकीट मागणार आहे. रागावलात तरी फाईल तुम्हीच बघायची.

आणि तुमचं पाहून मीही दोघींना नाव घेऊन विचारलंय. एक जण अंगणवाडी मदतनीस आहे. मानधनावर असताना उभं राहता येतं की राजीनामा द्यावा लागतो, हे तिला आधी लेखी विचारून घ्यायला सांगितलंय. दुसरी उभी राहायला तयार आहे, पण तिची जात पडताळणी अजून झालेली नाही. रविवारी सकाळी दोघींना घेऊन येते. पडताळणीचं आधी बघा, तिथे वेळ लागतो.

तुमचीच,
दोन नंबर वॉर्डाची सदस्य