धावफलक छापा, भाकितं आम्ही करू

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५ च्या अंकात महिलांच्या विश्वचषक विजयाला आपण पहिलं पान दिलंत, आत आणखी पानं दिलीत, फोटो झकास होते. त्याबद्दल अभिनंदन. सगळं वाचून झाल्यावर सवयीने धावफलक शोधला. फलंदाजी होती. गोलंदाजीचं पृथक्करण आणि बाद क्रम गाळलेला. दीप्तीचे ३९ धावांत ५ बळी मथळ्यातच होते, त्यामुळे ते कळले. पण शेफाली वर्माने ३६ धावांत २ बळी घेतले, त्यातला एक मारिझान काप. कधीमधी गोलंदाजी करणाऱ्या मुलीच्या हाती हरमनप्रीतने अंतिम सामन्यात चेंडू दिला तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या किती धावा झाल्या होत्या, किती गडी बाद होते? माझ्या मते सामना तिथे फिरला. पण तुमचा अंक हातात धरून मला ते कुणाला पटवून देता येणार नाही.

त्याच पानाच्या तळाशी चार ओळींत बेसबॉलची बातमी होती : ‘वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सचा थरारक विजय.’ थरार म्हणजे नक्की काय झालं, ते नाही.

मी राहणारा माहीमचा. मुंबईतल्या पावसाळी कांगा लीगच्या आणि शाळांच्या सामन्यांना बरीच वर्षं स्कोअरर म्हणून बसलो. सध्या मुलाकडे टोरांटोत आहे, आणि याच शहराचा ब्लू जेज संघ लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्ध ती मालिका, म्हणजे बेसबॉलची सात सामन्यांची अंतिम लढत, खेळला. तेव्हा त्या चार ओळींबद्दल, आणि त्यानिमित्ताने आपल्या क्रीडा पानाबद्दल थोडं लिहितो. लांबलं तर कात्री आपल्याच हातात आहे.

इथे क्रिस्टी पिट्स नावाचं एक उद्यान आहे. पूर्वी तिथे वाळूची खाण होती, त्यामुळे मैदान खड्ड्यात आणि वर गवताचा उतार. स्थानिक संघाचे सामने होतात, तिकीट नाही. उन्हाळ्यात मुलगा-सून कामावर गेली की नातवाला घेऊन मी तिथे जाऊन बसायचो. बेसबॉल मला आधी कंटाळवाणा वाटला. आजही मधले तीन-चार डाव मला कंटाळवाणेच वाटतात, उगाच कशाला खोटं बोलू? पण उतारावर एक पोर्तुगीज वंशाचे निवृत्त सुतार मांडीवर फळी घेऊन, कानामागे पेन्सिल खोचून बसलेले असायचे. फळीवर स्कोअरशीट. आमच्या जातीचा माणूस लांबूनही ओळखू येतो.

त्यांनी मला त्यांची पद्धत शिकवली. क्षेत्ररक्षकांना १ ते ९ आकडे : पिचर (म्हणजे गोलंदाज) १, कॅचर (यष्टिरक्षकासारखा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला) ६, मग बाहेरचे तिघे, लेफ्ट फील्डपासून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, की चौकटीत लिहायचं ६-३. तीन स्ट्राइक म्हणजे बाद, त्याची खूण के; बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक गेला तर के उलटा काढायचा. मी त्यांना निर्धाव षटकाच्या सहा ठिपक्यांना रेघांनी जोडून एम कसा करतात ते दाखवलं. ते त्यांना इतकं आवडलं की पुढे एका डावात तीन बॅटर ओळीने बाद झाल्यावर त्यांनी स्वतःच्या शीटवर एम ठोकून दिला. नियमात बसत नाही. मी काही बोललो नाही.

पण मुख्य गोष्ट शीटच्या मागच्या बाजूला. सामना सुरू होण्यापूर्वी उतारावरची ही मंडळी तिथे आपापली भाकितं लिहितात. कोण जिंकणार, पहिला पिचर कितव्या डावात थकणार, कुठला बॅटर आज चालणार, आणि पुढे कारण. कारण नसेल तर भाकीत धरत नाहीत. सामना संपला की कागद उलटा करायचा, ज्याचं चुकलं त्याने कॉफी पाजायची. आपल्याकडे नाक्यावर भाकितांचा तोटा नाही, पण ती सगळी सामना संपल्यावर जन्मतात. ‘मी म्हटलंच होतं’ असं म्हणणाऱ्याने आधी कुठे म्हटलं होतं, याचा पुरावा कधीच नसतो.

ऑक्टोबरात ही बैठक सुतारसाहेबांच्या तळघरात, टीव्हीसमोर भरली. ब्लू जेज २०२४ मध्ये आपल्या गटात तळाला होते आणि २०२५ मध्ये पहिले आले. त्यांनी याआधी जेतेपद मिळवलं ते १९९३ मध्ये. म्हणजे खोलीतल्या अर्ध्या लोकांना ते आठवत होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना ते ऐकून कंटाळा आला होता. तिसरा सामना लॉस एंजेलिसला १८ डाव चालला, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. शीटवरचे रकाने संपले, दुसरं शीट जोडावं लागलं. डॉजर्सचा ओहतानी त्या सामन्यात नऊ वेळा बेसवर पोचला. त्याला फटका मारू न देता मुद्दाम पहिल्या बेसवर चालत सोडावं की नाही यावर तळघरात जे भांडण झालं, त्यात सूनबाईचा दोनदा फोन आला, बाबा कुठे आहात म्हणून. इथे तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते.

आता तो थरार. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या डावात ब्लू जेजचा बार्जर दुसऱ्या बेसवरून पुढे सरकून उभा होता. फटका उडाला, लेफ्ट फील्डला एन्रिके हर्नांडेझने धावत येऊन झेलला आणि तडक दुसऱ्या बेसवर फेकला. झेल गेला की बेसवर परतावं लागतं; बार्जर परत पोचेपर्यंत तोही बाद. शीटवर नोंद ७-४, सामना संपला. दुसऱ्या रात्री सातवा सामना. नववा डाव, ४-४ बरोबरी, एक बाद, तिन्ही बेस भरलेले. तिसऱ्या बेसवर ब्लू जेजचा कायनर-फलेफा. तो घरी पोचला की संपलं, ३२ वर्षांनी जेतेपद. वार्शोचा जमिनीलगतचा फटका दुसऱ्या बेसजवळ रोहासकडे गेला. त्याचा तोल गेला होता, तरी त्याने चेंडू घरच्या बेसवर फेकला आणि फलेफा काही बोटांनी बाद. शीटवर नोंद ४-२. पुढे अकराव्या डावात डॉजर्सच्या विल स्मिथचा होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, आणि डॉजर्स ५-४.

प्रश्न असा, की फलेफा तिसऱ्या बेसला एवढा चिकटून का उभा होता? दोन पावलं पुढे असता तर सुखरूप पोचला असता. इथले लोक अजून त्यावर तावातावाने बोलतात. सुतारसाहेबांचं म्हणणं, आदल्या रात्रीची ७-४ ही नोंद सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती, पुन्हा हवेत झेल जाऊन बेसवरचा माणूस अडकायला नको होता, म्हणून तो चिकटून राहिला. मला हे पटतं. मात्र दोन रात्रींची शीटं शेजारी ठेवल्याशिवाय हा विचार सुचत नाही. ‘दुर्दैव’ म्हणून मोकळं व्हायला होतं.

आणखी एक गंमत. सातही सामन्यांच्या धावांची मी बेरीज केली. ब्लू जेज ३४, डॉजर्स २६. हरलेल्या संघाच्या धावा आठने जास्त! हे मोठ्या ऐटीत सांगायला गेलो, तर तळघरातला एक पोरगा म्हणाला, १९६० ची मालिका बघा, यांकीज ५५, पायरेट्स २७, आणि जिंकले पायरेट्स. पंचवीस-एक वर्षांचं पोरगं, त्याच्या जन्माआधी ४० वर्षांची मालिका. त्याला हे कुठून माहीत? त्या मालिकेचे आकडे कुणालाही फुकट बघता येतात म्हणून.

आणि संपादक महोदय, या सगळ्याच्या मुळाशी तुमचेच व्यवसायबंधू आहेत. हेन्री चॅडविक नावाचा, इंग्लंडात जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या देणारा बातमीदार. त्याने क्रिकेटच्या धावफलकावरून बेसबॉलसाठी छोटा तक्ता बेतला, १८५९ च्या सुमाराला. वर्तमानपत्रांनी तो रोज छापला. तो वाचून लोक वाद घालू लागले. १९७७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या एका डबाबंद खाद्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करणाऱ्या बिल जेम्सने वर्तमानपत्रांतल्या याच तक्त्यांवरून स्वतःची पुस्तिका काढली. सुरुवातीला जेमतेम ७५ प्रती खपल्या. पुढे बॉस्टनच्या संघाने त्याला नोकरीवर घेतलं आणि २००४ मध्ये ८६ वर्षांनी बॉस्टन जिंकलं. १९८९ मध्ये डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने रेट्रोशीट सुरू केलं. जुन्या सामन्यांच्या वह्या संघांकडून, पत्रकारांकडून, चाहत्यांच्या माळ्यांवरून गोळा करायच्या आणि सगळ्यांना खुल्या करायच्या. जिथे वही मिळत नाही तिथे जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून सामना जुळवायचा. हे सगळे स्वयंसेवक, पगार शून्य.

बेसबॉलपटू हॅक विल्सनची गोष्ट तर प्रत्येक क्रीडा संपादकाच्या टेबलावर काचेखाली असायला हवी. १९३० च्या मोसमात त्याच्या फटक्यांवर संघाच्या १९० धावा आल्या, असा विक्रम नोंदलेला होता. हौशी अभ्यासकांनी जुने तक्ते पुन्हा तपासले. त्यांना दिसलं, जुलैमधल्या एका सामन्यातली त्याची एक धाव चुकून सहकाऱ्याच्या नावावर चढली आहे. १९९९ मध्ये अधिकृत विक्रम १९१ झाला. विल्सन १९४८ सालीच वारला होता.

आकडे आले की सगळे शहाणे होतात, असं मला म्हणायचं नाही. २०२३ च्या बाद फेरीत पिचर बेरियोस उत्तम टाकत असताना ब्लू जेजने त्याला ४७ चेंडूंनंतर बाहेर काढलं, आधीच आखलेल्या हिशेबाप्रमाणे. संघ २-० असा हरून घरी आला. माझ्यासारख्या जुन्या माणसाने तर त्याला मुळीच हलवला नसता. चालणाऱ्या गोलंदाजाच्या हातून चेंडू काढून घेणं हे पाप आहे, मग कॉम्प्युटर काही म्हणो. तळघरातल्या पोरांना हे मान्य नाही. त्यांनी मला आकडे दाखवले, मी त्यांना बेदी आणि प्रसन्नाच्या गोष्टी सांगितल्या. निकाल लागला नाही.

आता आपल्याकडे बघू. १९८८ च्या हॅरिस शील्डमधली सचिन आणि विनोदची ६६४ धावांची भागीदारी शेंबड्या पोराला पाठ आहे. प्रणव धनावडेच्या नाबाद १००९ देखील. पण त्याच मोसमांत, त्याच स्पर्धांत बाकीच्या मुलांनी काय केलं? कोणी सलग चार सामन्यांत पाच-पाच बळी घेतले आणि पुढे कुठे गेला? १९४८ पासून चालत आलेल्या कांगा लीगमध्ये ओल्या विकेटवर कोण खरा टिकायचा? एके काळी हे सगळं आपल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर बारीक टायपात यायचं : ‘संक्षिप्त धावफलक’. मुलाचं नाव छापून आलं की बाप दादरला स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर तीन-तीन अंक घ्यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता त्या जागी कोणत्या खेळाडूने कुठली गाडी घेतली ते येतं. आनंदजी डोसांसारख्या माणसाने आयुष्यभर आकडे जमवले म्हणून आपल्याला थोडंफार ठाऊक आहे. पण असा माणूस दर पिढीत निपजेलच या भरवशावर बसू नये. आमच्या वह्यांचं म्हणाल, तर एका क्लबाच्या तंबूतलं जुन्या स्कोअरबुकांचं अख्खं कपाट एका पावसाळ्यात भिजलं आणि रद्दीत गेलं. पानं एकमेकांना चिकटली होती, शाई पसरली होती, रद्दीवालासुद्धा भाव द्यायला कुरकुरत होता.

माझी मागणी मोठी नाही. आंतरराष्ट्रीय सामन्याचा धावफलक छापाल तेव्हा बाद क्रम आणि गोलंदाजीसह पूर्ण छापा. शालेय आणि क्लब सामन्यांचे संक्षिप्त धावफलक आठवड्यातून एकदा तरी द्या. सामन्यामागे चार ओळी लागतात, मी मोजूनच सांगतो आहे. कागद महाग झालाय हे मान्य, मग निदान आपल्या ई-आवृत्तीत द्या, तिथे कुठे कागद लागतो? आणि जुने अंक स्कॅन करून वाचकांना खुले करा. टायपायला, तपासायला निवृत्त स्कोअरर फुकट मिळतील. माझ्या माहितीतले काहीजण नुसते घरी बसून घरच्यांना त्रास देत आहेत. छापील पानात जागाच हवी असेल तर राशिभविष्याची निम्मी करा. तिथेही भाकितंच असतात, पण कागद उलटा करून तपासायची सोय नसते.

मार्चअखेर मी परत येतो आहे. सांगाल तेव्हा कचेरीत येऊन नमुन्याचा तक्ता आखून देईन.

कळावे,
आपला जुना वाचक,
कांगा लीगचा एक माजी स्कोअरर, माहीम (सध्या मुक्काम टोरांटो)

ता. क. — त्या चार ओळींत ओहतानीला मालिकावीर केलंय. मालिकावीर योशिनोबू यामामोटो. सहाव्या सामन्यात त्याने ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच रात्री पुन्हा येऊन सातवा सामना संपवला. ओहतानीने सातव्याची सुरुवात केली होती, पण तिसऱ्या डावात ब्लू जेजच्या बिशेटने त्याला तीन धावांचा होम रन ठोकला. शुद्धिपत्र द्यावं.