आईच्या डाव्या पायाच्या सुजेविषयी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर जे घाईत सांगता आले नाही, ते सविस्तर लिहीत आहे. आज सकाळी डॉक्टरांकडे निघण्यापूर्वी दोघांनीही हे पत्र वाचावे.

सर्वांत आधी एक कळकळीची विनंती. आई, निदान होईपर्यंत पोटरीला मालीश करून घेऊ नकोस, शेकही देऊ नकोस. दांडिया बाजारातल्या आपल्या घरी येणाऱ्या मालीशवाल्या बाई कितीही मायेने तेल चोळत असल्या, तरी त्यांना आज नको म्हणून सांग.

याचे कारण असे, की एकाच पायाची पोटरी सुजते तेव्हा पहिली शंका खोल शिरेतल्या रक्ताच्या गुठळीची घ्यावी लागते. पुण्याहून परतताना तुम्ही रात्रभर बसमध्ये होता. पायांतले रक्त हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि तासन्‌तास पाय न हलवता बसले की ते रक्त शिरांमध्ये साचून गोठू शकते. त्या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. बाबा, गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा. फरक 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर शंका बळावते. मात्र फरक कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नका. पायाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, आजच करून घ्यावी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि बसच्या प्रवासाचे न विसरता सांगा.

मला स्वतःला मात्र दुसरे कारण अधिक संभवनीय वाटते. आईच्या गुडघ्याची झीज जुनी आहे. झिजलेल्या सांध्यात पाणी जास्त तयार होते, ते मागच्या बाजूला लवणीतल्या पिशवीत शिरते आणि तिथे गाठ दिसू लागते. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम बेकर यांनी 1877 मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला बेकर सिस्ट म्हणतात. पाय पूर्ण सरळ केला की ती टणक लागते, वाकवला की मऊ होते. ती फुटली तर आतले पाणी पोटरीत उतरते, पोटरी एकाएकी दुखू लागते, लाल होते, कधी घोट्याजवळ काळेनिळेही दिसते. हे सारे गुठळीसारखेच भासते, आणि नुसते हात लावून दोन्हींतला भेद अनुभवी डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. क्वचित दोन्ही एकाच वेळी असतात. त्यामुळे लवणीत गाठ लागली तरी सोनोग्राफी टाळू नका.

त्वचा गरम व लालभडक असून ताप आला, तर जंतुसंसर्गाचा विचार होईल. गुडघाच एका रात्रीत असह्य ठणकू लागला, तर यूरिक ॲसिडचे कण सांध्यात साचल्याचा. तशा वेळी सांध्यातले पाणी सुईने काढून तपासतात. त्याला आईने घाबरू नये.

बाबा, तुमचे दोन्ही घोटे संध्याकाळी सुजतात, ती गोष्ट वेगळी आहे. ती रक्तदाबाच्या अम्लोडिपिनमुळे असू शकते, पण हृदय आणि मूत्रपिंडही तपासायला हवे. आजच विचारून घ्या. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. तशीच घरातली वेदनाशामक गोळी आईला देऊ नका; तिचा रक्तदाब आधीच वाढलेला असतो, आणि अशा गोळ्यांनी शरीरात मीठ-पाणी साठते. गुठळी निघालीच, तर रक्त पातळ करणारे औषध किमान तीन महिने घ्यावे लागेल आणि त्याच्याबरोबर त्या गोळ्या घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आईला दम लागला, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर ठरलेल्या वेळेची वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करून सयाजी हॉस्पिटल गाठा, आणि मला वाटेतून कळवा. एरवी सोनोग्राफीचा अहवाल हातात पडताच त्याचा फोटो पाठवा. गुठळी निघाली तर मी आजच्या रात्रीच्या गाडीने वडोदऱ्याला निघते.

तुमची,
धाकटी