चपट्या नाकाचं पिल्लू आणि सोलापूरचं ऊन

संपादक महोदय,

परीक्षा संपत आल्या की घरोघरी कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट सुरू होतो. चार वर्षांपूर्वी आमच्या लेकीनेही धरला होता, आणि तिला पग या चपट्या नाकाच्या जातीचंच पिल्लू हवं होतं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. ओव्हरटाइमचे पैसे साठवून पिल्लू आणलं. विकणाऱ्याने दोन महिन्यांचं सांगितलं होतं. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, जेमतेम पाच आठवड्यांचं आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने बंदी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

गेल्या मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला लेक त्याला फिरवायला घेऊन गेली. दहा मिनिटांत उचलूनच परत आणलं. जीभ जांभळी पडलेली, श्वास घोरल्यासारखा, पाय फाकवून फरशीवर पडला. शेजारच्या वहिनी बर्फ घेऊन धावत आल्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, बर्फ नको, साधं पाणी पोटावर आणि पायांवर ओता, पंखा लावा आणि तसेच निघा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तर चटका बसेल इतकं तापलेलं. चार दिवसांसाठी भरून ठेवलेल्या पिंपातलं पिण्याचं पाणी आम्ही त्याच्यावर ओतलं. दवाखान्यात ताप भरला १०६. वाचला.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतं. पगचं नाकच दबलेलं, आत हवेची वाट अरुंद, मग धाप टाकूनही त्याचं अंग निवत नाही. शिह त्झू या जातीचंही तसंच, वर अंगभर केस. आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो. विकताना हे कुणी सांगत नाही, ‘घरात राहणारं छोटं कुत्रं आहे’ एवढंच सांगतात.

आता आम्ही पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतरच त्याला बाहेर काढतो. आधी डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघतो. तोंडावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या करतो, नाहीतर आत चिघळतं. वजन वाढू देत नाही. शेंगाचटणी बंद, कारण तिच्यातला लसूण त्याच्या रक्ताला घातक. द्राक्षं-बेदाणे तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी असतात, पण त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

तो आमचा जीव आहे, पण पुन्हा पग आणणार नाही. गल्लीतल्या देशी पिल्लाला हे ऊन जास्त सोसतं, आणि माया तेवढीच लावतं.

आपल्याला एक विनंती आहे. छोट्या जाहिरातींत पिल्लाचं वय आणि विक्रेत्याचा राज्य प्राणी कल्याण मंडळाकडचा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय पिल्लांची जाहिरात घेऊ नये. एप्रिल लागायच्या आत हे झालं तर फार बरं होईल.

– एक वाचक, जुळे सोलापूर