बाबांच्या उपचाराबद्दल, जरा सविस्तर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. नमस्कार.

आई, शेजारच्या काकूंचं मनावर घेऊ नकोस. रेडिएशननंतर बाबांना वेगळ्या खोलीत ठेवायची काही गरज नाही. जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात मशीनमधून बाहेरून किरण देणार आहेत. मशीन बंद झालं की किरण संपले, अंगात काही उरत नाही. त्याच संध्याकाळी चिंटू आजोबांच्या मांडीवर बसू दे. काकूंनी बहुतेक थायरॉइडचा पेशंट पाहिला असेल. त्याला रेडिओॲक्टिव्ह आयोडीन पोटातून देतात, म्हणून काही दिवस लांब राहावं लागतं.

बाबा, तुम्ही विचारलंत, केमो होऊनही गाठ परत आली, मग आता माझ्याच पेशी काढून काय होणार? केमोबरोबरचं रिटक्सिमॅब हे औषध लिम्फोमाच्या, म्हणजे तुमच्या या कॅन्सरच्या, पेशींवरच्या सीडी२० या खुणेला चिकटायचं. आता तुमच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, काढून, त्यांच्यात नवं जनुक घालून, त्यांना सीडी१९ ही दुसरी खूण ओळखायला लावतील आणि परत तुमच्याच अंगात सोडतील. हीच कार-टी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधल्या संशोधनातून आपल्याकडेच तयार झालेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि मानेतली गाठ तोवर थांबणार नाही. मधल्या काळात ती आटोक्यात राहावी, यासाठी रेडिएशन.

मानेचं रेडिएशन म्हणून चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क बसवतील. बाबा, तुम्हाला लिफ्टमध्येसुद्धा कोंडल्यासारखं होतं, ते पहिल्याच दिवशी सांगा. बाहेरून कॅमेऱ्यात सगळं दिसत असतं. हात वर केलात की मशीन थांबवतात.

खरं तेच लिहिते, कार-टीने सगळ्यांचाच आजार जात नाही. पेशी दिल्यावर जोराचा ताप येऊ शकतो, बीपी उतरतं, कधी माणूस असंबद्ध बोलतो. त्यावर टोसिलिझुमॅब आणि स्टेरॉइड ही औषधं आहेत, पण वेळेवर मिळायला हवीत. म्हणून मुंबईला पेशी दिल्यानंतरचे सुमारे चार आठवडे हॉस्पिटलजवळच राहायचं. घरच्या ओढीने लगेच विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढायचं नाही, बाबा. ताप अंगावर काढायची तुमची सवय इथे चालणार नाही.

मला मनापासून वाटतं, तुम्ही हो म्हणावं. शंका असतील त्या कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा मी सोबत असेन.

तुमची,
मनू