मागच्या डिस्क काढताना अर्धे काम नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुन्या फियाट, अॅम्बेसेडर मुळात मागे ड्रम ब्रेकच्याच. हौसेने त्यांना मागे डिस्क ब्रेक बसवून घेतलेल्यांनी किनारपट्टीवर परत ड्रम लावावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ब्रेकचा मुख्य भार पुढच्या चाकांवर येतो, मागच्या डिस्क जेमतेम घासल्या जातात. त्यामुळे खाऱ्या हवेने चढलेला गंज उतरत नाही, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागाच्या) पिना धरतात आणि पावसाळाभर उभ्या गाडीचे पॅड डिस्कला चिकटतात. शिवाय जुगाड करून लावलेल्या कॅलिपरला हँडब्रेक धड नसतो, आणि आपल्याकडे गाडी लावायला सपाट जागा मिळते कुठे?

मात्र चाकावर ड्रम चढवला म्हणजे काम संपले, हा समज महागात पडतो. डिस्कसाठी मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने ब्रेक ऑइल ढकलणारा पंप, घातला असेल, तर ड्रमवर पेडल दगडासारखे लागते. मूळ मापाचाच परत आणावा. चाकातले शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ढकलणाऱ्या जुन्या पद्धतीच्या व्हील सिलिंडरना ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो. तो नसेल तर रबरी कप सैल पडून हवा ओढतात आणि पहिल्या दाबाला पेडल खाली जाते. कपामागे तो पसरवून धरणारी स्प्रिंग असेल तर या व्हॉल्व्हची गरज नसते. पुढे डिस्क असल्यास हा व्हॉल्व्ह फक्त मागच्या लाइनवर लावावा, नाहीतर पुढचे पॅड घासत राहतात. मागचा दाब ठरवणारा व्हॉल्व्हही डिस्कच्या हिशेबाने ठेवू नये. ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आणखी आवळला जातो. डिस्कएवढाच दाब दिला आणि शेवाळलेल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम झाली, की गाडी आडवी होते.

शू ज्यावर बसतात ती बॅकिंग प्लेट बदलायला अॅक्सल शाफ्ट बाहेर काढावाच लागतो. तेव्हाच ऑइल सील नवे घालावे. डिफरन्शियलचे (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरपेटीचे) ऑइल लायनरवर, म्हणजे शूच्या घासणाऱ्या थरावर, उतरले तर ते शू टाकूनच द्यावे लागतात, पेट्रोलने धुऊन भागत नाही. प्लेटवर शूची कड टेकते ते छोटे उंचवटे बोट फिरवून तपासावेत. त्यात खाच पडली असेल तर शू अडकतो आणि ब्रेक सोडला तरी परतत नाही. खाच वेल्डिंगने भरून कानस मारावी, वर उष्णता सोसणारे ग्रीस नखाएवढेच लावावे. जुने ड्रम लेथवर फिरवायचे तर दोन्ही एकाच मापाचे, आणि कमाल व्यासाच्या आत. जुन्या लायनरची धूळ कंप्रेसरने उडवू नये, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटचा क्रम बहुतेक ठिकाणी चुकतो. हँडब्रेकची केबल सैल ठेवून आधी शू अॅडजस्ट करावेत: चाक अडेपर्यंत आवळावे, मग ते मोकळे फिरेपर्यंत एक-दोन खटके मागे घ्यावे. मग ब्रेक लाइनमधली एअर काढावी. मास्टर उजव्या बाजूला असल्याने सुरुवात त्यापासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. केबल सगळ्यांत शेवटी. शूचा ढिलेपणा केबल आवळून झाकला, तर हँडब्रेक लागतो पण पेडल खोलच राहते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ किंवा ४ (ऑइलचा डब्यावर लिहिलेला प्रकार) असेल तर दर वर्षी पावसाळा संपला की बदलावे, त्यात डॉट ५ मिसळू नये. पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम काही वेळ पकडत नाहीत. पेडल हलके दाबून थोडे अंतर हळू चालवावी. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवावी. तापलेला ड्रम पसरून शूपासून लांब जातो आणि पेडल खोल जाऊ लागते.

आपले,
जुन्या गाड्यांचे काम करणारे काही मेकॅनिक, रत्नागिरी