रिपीटर मुलांना ओएमआर वाचायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मनासारखे मार्क न पडलेल्या मुलांसाठी तुम्ही जे केलंत, त्याचे आभार मानायला रिपीटर बॅचचे, म्हणजे ही परीक्षा पुन्हा देणाऱ्या मुलांचे आम्ही शिक्षक आणि पालक मिळून हे लिहितोय. पत्र जाहीर ठेवलंय, कारण तुमची पद्धत ज्यांच्यापर्यंत पोहोचली नाही त्यांच्याही ती उपयोगी पडावी.

निकाल लागला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, 'क्लास कुठला लावायचा?' तुमचा पहिला प्रश्न असायचा, 'ओएमआर उतरवून ठेवली का?' ओएमआरची, म्हणजे गोल काळे करून भरलेल्या उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत, नोंदवलेली उत्तरं आणि आन्सर की, म्हणजे बरोबर उत्तरांची यादी, परीक्षेच्या संकेतस्थळावर ठरावीक मुदतीपुरतीच असतात, हे निम्म्या पालकांच्या गावीही नसतं. प्रश्नपुस्तिका घरी नेता येते, पण रद्दीत जाते. पुस्तिका, तिच्याच कोडची की आणि ओएमआर या तीन गोष्टी हाताशी असल्या की वर्ष कसं घालवायचं ते ठरवता येतं. निव्वळ एकूण मार्कांवरून ठरवता येत नाही.

मग तुम्ही मुलांना तोच पेपर पुन्हा सोडवायला लावलात. घड्याळ न लावता आणि की न बघता. चुकलेले आणि सोडलेले प्रश्न तेवढे घ्यायचे. निवांत बसून जो प्रश्न बरोबर येतो तिथे वेळ किंवा घाई आडवी आली होती, आणि तरीही जो येत नाही तिथे धडाच कच्चा आहे. या दोन दुखण्यांना औषध वेगळं. पण ड्रॉप घेतलेलं, म्हणजे पुन्हा परीक्षेसाठी वर्षभर थांबलेलं मूल सरसकट पहिल्या धड्यापासून सुरुवात करतं, येणारे धडे पुन्हा वाचून खूश होतं आणि कच्चे धडे पुन्हा शेवटच्या महिन्यावर ढकलतं.

फळ्यावर तुम्ही मांडलेलं गणित इथे देतो. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकीला वजा १. १८० पैकी १५० सोडवले, १०० बरोबर, ५० चूक. म्हणजे ४०० वजा ५०, एकूण ३५०. आता घड्याळाविना ५० चुकांपैकी १८ दुरुस्त झाले, तर प्रत्येकी ५ मार्क वाढतात, कारण ४ मिळतात आणि गेलेला १ परत येतो. ते झाले ९०. सोडलेल्या ३० पैकी १२ जमले तर आणखी ४८. एकही नवा धडा न उघडता ३५० चे ४८८ होण्याइतकी जागा तिथे होती. परीक्षेत ती सगळी हाती लागत नाही, हेही तुम्ही लगेच बजावलंत. पण 'मला काहीच येत नाही' म्हणणाऱ्या मुलाला हा हिशोब दाखवला की ते पुन्हा वही उघडतं. शंभर धीराच्या शब्दांनी ते झालं नसतं.

चुकांच्या वहीत 'सिली मिस्टेक' लिहायला तुम्ही बंदी घातलीत, त्याबद्दल वेगळे आभार. प्रश्न क्रमांक, धडा, दिलेलं उत्तर, बरोबर उत्तर आणि एका वाक्यात नेमकं कारण. 'अयोग्य विधान विचारलं होतं, योग्य निवडलं.' 'सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत.' 'तार ताणून दुप्पट लांब केली तर रोध दुप्पट धरला. आकारमान तेच राहतं म्हणून काटछेद निम्मा होतो आणि रोध चौपट होतो, हे सुटलं.' अशा साठ-सत्तर नोंदी झाल्या की तीच तीच चार-पाच कारणं फिरून येताना दिसतात. ती चार-पाच धरली की काम सोपं होतं. नोंदवलेला प्रश्न आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने कोऱ्या कागदावर सोडवायचा, हा नियम तुम्ही कुणालाच चुकवू दिला नाहीत.

निगेटिव्ह मार्किंगची भीती तुम्ही आकड्यांनी घालवलीत. चारपैकी एक पर्याय डोळे झाकून निवडला तर सरासरी पाव मार्क पदरात पडतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर दीड. पाचात एक बरोबर आला तरी फायदा-तोटा शून्य. मग तुक्क्याने मार्क जातात का? जातात, कारण मुलं डोळे झाकून निवडतच नाहीत. पेपर काढणारा एक पर्याय मुद्दाम ओळखीचा वाटेल असा ठेवतो आणि अर्धवट आठवणारं मूल नेमकं त्यावर जातं. म्हणून मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची: खात्री, दोन उरले, नुसता अंदाज. दहा मॉकनंतर प्रत्येक खुणेचा आपला निकाल काढायचा. ज्याचे अंदाज पाचात एकापेक्षा कमी लागतात त्याने ते प्रश्न सोडावेत. ज्याचे 'दोन उरले' निम्मे बरोबर येतात त्याने ते सोडणं हे नुकसान आहे. सगळ्यांना एकच सल्ला देणं आम्हाला सोपं पडलं असतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा काढून दाखवण्याचे कष्ट तुम्ही घेतलेत.

जीवशास्त्राचे ९० प्रश्न म्हणजे ३६० मार्क, अर्धा पेपर. स्टेट बोर्डाची मुलं इथे मार खातात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. बारावीला पाठ केलेलं वाक्य वेगळं असतं आणि प्रश्न एनसीईआरटीच्या (केंद्रीय पाठ्यपुस्तकांच्या) वाक्यावर बेतलेला असतो. तुमचा डीएनएचा तास आठवतो. नवा धागा ५′ कडून ३′ कडे वाढतो, हे सगळ्या वर्गाला पाठ होतं. तुम्ही विचारलंत, सलग प्रतिकृती कोणत्या ध्रुवतेच्या (दिशेच्या) टेम्प्लेटवर, म्हणजे साचा म्हणून वापरलेल्या जुन्या धाग्यावर होते? बहुतेकांनी ५′→३′ सांगितलं. उत्तर ३′→५′, कारण प्रश्न टेम्प्लेटचा आहे, नव्या धाग्याचा नाही. धडा पाचदा वाचलेलं मूलही इथे अडखळतं, कारण वाचताना ओळ ओळखीची वाटते आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असा समज होतो. त्यावर तुमचा उपाय असा की एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहायचं आणि मग पान उघडून लाल पेनाने राहिलेलं भरायचं. आकृत्यांची नावं कागदाने झाकून ओळखायची, आकृतीखालची बारीक ओळही सोडायची नाही.

मराठीतून पेपर देणाऱ्यांना तुम्ही एक गोष्ट फॉर्म भरण्याआधीच सांगितलीत. त्यांच्या पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही असतो आणि भाषांतरात तफावत निघाली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. म्हणून पारिभाषिक शब्दांची दोन रकान्यांची वही, आणि वाक्य खटकलं की शेजारचा इंग्रजी प्रश्न वाचायची सवय.

२०२५ पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटं आहेत. एका गोलाला पाच सेकंद धरले तरी नुसते गोल काळे करण्यात पंधरा मिनिटं जातात. सगळे गोल शेवटी भरायचं ठरवलं की घाईत एक ओळ सरकते आणि तिच्याखालचं सगळं चुकतं. बॉलपेनचा गोल पुसताही येत नाही. पान संपलं की त्या पानाचे गोल, हा क्रम तुम्ही मॉकपासूनच लावलात. मॉकही दुपारी २ ते ५, झेरॉक्स ओएमआरवर. जेवून झोपायची सवय असलेल्या मुलाचं डोकं नेमकं त्याच तासांत जड होतं आणि ती सवय मोडायला आठवडे लागतात.

पालकांना तुम्ही सांगितलंत ते तर आम्ही लिहूनच ठेवलंय. या वर्षीचे मार्क गेल्या वर्षीच्या मार्कांशी ताडून बघू नका. २०२४ मध्ये सर्वाधिक गुण ७२० होते आणि खुल्या गटाचा पात्रता कटऑफ १६२. २०२५ मध्ये तेच ६८६ आणि १४४. तुलना करायची तर रँकची करा. बारावीला पीसीबीची (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) अट पूर्ण होत असेल तर बोर्ड पुन्हा द्यायची गरज नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मॉकचे मार्क घसरले तर क्लास बदलू नका. प्रश्न नीट वाचायची सवय लागताना वेग आधी कमीच होतो. ऐन ऑक्टोबरात घाबरून फोन करणाऱ्या प्रत्येक घराला तुम्ही हे तितक्याच शांतपणे पुन्हा सांगितलंत. त्या फोनांचे आभार कसे मानावेत, खरंच कळत नाही.

या वर्षीच्या मुलांच्या ओएमआर आणि कोडनुसार आन्सर की आम्ही उतरवून ठेवल्या आहेत. ज्यांना एखाद्या उत्तरावर हरकत घ्यायची होती त्यांच्याबरोबर बसून आधी एनसीईआरटीचं पान शोधलं, कारण प्रश्नामागे भरलेले २०० रुपये परत मिळत नाहीत, हे तुमच्याकडूनच कळलं होतं. चुकांच्या वहीचे रकाने आखून तयार आहेत. घड्याळाविना पेपर सोडवण्याचा पहिला आठवडा तुम्ही घ्यावा, अशी मुलांची फार इच्छा आहे. तुम्हाला सोयीची वेळ कळवा, बाकी व्यवस्था आम्ही करतो.

आपले नम्र,
रिपीटर बॅचचे शिक्षक आणि पालक