पालकमंत्री महोदय, आम्हांला प्रमाणपत्रे नकोत, परिचारिका हवी

माननीय पालकमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या क्रीडांगणावर आपल्या हस्ते युवा स्वयंसेवकांचा गौरव झाला. प्रमाणपत्र मिळालेल्यांमध्ये मीही होते. त्या व्यासपीठावरून आपण दोन आश्वासने दिलीत. उपजिल्हा रुग्णालयातील पॅलिएटिव्ह केअर कक्षाला, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करणाऱ्या कक्षाला, कायमस्वरूपी परिचारिका आणि मॉर्फिन या वेदनाशामक औषधाचा अखंड पुरवठा मिळेल, हे पहिले. आणि मुलांचे मैदान यापुढे खेळाखेरीज कशालाही दिले जाणार नाही, हे दुसरे. दुसरे आश्वासन आपण उच्चारत होता तेव्हाच ते मोडलेले होते, कारण आपण ज्या मंडपात उभे होता त्याचे खांब आमच्या खो-खोच्या मैदानातच गाडलेले होते. पहिले मोडायला मात्र तीन आठवडे लागले. कक्षातील एकमेव प्रशिक्षित परिचारिकेचा कंत्राटी करार संपला, पुनर्नियुक्तीचा आदेश निघाला नाही आणि गेल्या सोमवारपासून कक्षाच्या दाराला कुलूप आहे. म्हणून हे पत्र.

मी कला शाखेच्या तृतीय वर्षात शिकते. सकाळी महाविद्यालयात जाण्यापूर्वी जिल्हा परिषद शाळेच्या मुलामुलींना खो-खो शिकवते आणि दुपारी त्या कक्षात जाते. दोन्ही कामांची सुरुवात राष्ट्रीय सेवा योजनेतून झाली. या योजनेत दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात. ते तास केव्हाच भरले. तरी मी थांबले नाही, कारण मैदानावर मुले वाट पाहत असतात आणि कक्षातल्या माणसांना वाट पाहण्याइतका वेळ नसतो.

कक्षात येणारे बहुतेक रुग्ण तोंडाच्या कर्करोगाचे असतात. जखम चिघळते, गालाला आरपार भोक पडते आणि दुर्गंधी इतकी सुटते की घरची माणसेही दारातूनच विचारपूस करतात. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून जखमेवर टाकली की ती दुर्गंधी बरीच आटोक्यात येते आणि मग नातू आजोबांच्या खाटेवर येऊन बसू शकतो, हे मला परिचारिकाताईंनी दाखवले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी कशी बदलायची, वाळलेले तोंड ओल्या कापसाने कसे टिपायचे, नळीतून पेज देताना उशाची बाजू किती उंच ठेवायची आणि रुग्णाने 'मी बरा होणार ना?' असे विचारले तर खोटे न बोलता काय बोलायचे, हेही त्यांच्याकडूनच शिकले. हे कोणत्याही गौरव समारंभात शिकवले जात नाही आणि स्वयंसेवकांचा कितीही मोठा जथा आणून उभा केला तरी त्याला ते आपोआप येत नाही.

आता मॉर्फिनविषयी. तोंडावाटे द्यायची साधी मॉर्फिनची गोळी सुमारे चार तास वेदना धरून ठेवते. म्हणजे ती दिवसरात्र, न चुकता, दर चार तासांनी मिळाली पाहिजे. आमच्या कक्षात मात्र वेदनेने सरकारी सुट्ट्यांचे वेळापत्रक पाळावे अशी अपेक्षा असते. मॉर्फिन कुलपात असते, नोंदवही दुसऱ्या कपाटात असते आणि शनिवारी दुपारनंतर दोन्हींच्या किल्ल्या गावाला जातात. आयुष्यभर ऊसतोडीला गेलेले एक आजोबा अशाच एका रविवारी गेले. रात्रभर ते ओरडत नव्हते, कारण ओरडण्यासाठी तोंड उघडत नव्हते. ते खाटेच्या लोखंडी कडेवर बोटांनी वाजवत होते आणि मधूनमधून माझ्याकडे पाहून 'गोळी?' अशी खूण करीत होते. मी त्यांची पाठ चोळली, कूस बदलली, फोन केले. एका अधिकाऱ्यांनी सोमवारी बघू असे सांगितले. सोमवारी त्यांच्या खाटेवर दुसरा रुग्ण होता. स्वयंसेवकाने मॉर्फिनला हात लावू नये हा नियम योग्यच आहे, महोदय. पण मग हात लावण्याचा अधिकार असलेले कोणीतरी तिथे असले पाहिजे, एवढे तरी शासनाला मान्य असावे.

कायदा आडवा येतो असे आता कोणी सांगू नये. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन रुग्णांपासून दूर गेले हे खरे. पण २०१४ मध्ये संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती केली, अनेक परवान्यांचे जंजाळ काढले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला हे औषध ठेवण्याची व देण्याची वाट मोकळी केली. मॉर्फिन ज्या अफूपासून बनते तिची शेती याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्याने होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारचेच कारखाने आहेत. म्हणजे जमीन आपली, पीक आपले, कारखाना आपला, कायदाही आपणच दुरुस्त केलेला. फक्त रविवारची गोळी तेवढी आपली नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की, अशी सेवा ज्यांना लागते त्यांच्यापैकी जगात सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते. भारताचा आकडा कोणी चार टक्के सांगते, कोणी दोन, तर कोणी एक. मी आपल्या सरकारविषयीच्या आदरापोटी चार धरते. उरलेले शहाण्णव जण कुठे जातात, हे विचारायला कोणतीही समिती नेमावी लागणार नाही. आपल्या गाड्यांचा ताफा ज्या वस्त्यांवरून जातो तिथे एकदा काच खाली करावी. आणि हे काम आपल्याला नवे आहे असेही नाही. देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचे सेवागृह, १९८६ मध्ये आपल्याच मुंबईत, वांद्र्याला, सुरू झाले. केरळने २००८ मध्ये या सेवेचे धोरण केले आणि तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पैशातून परिचारिका घरोघरी जातात. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिराच्या फलकावर जी बारा प्रकारची सेवा रंगवलेली असते तिच्यात ही सेवादेखील आहे. फलक उत्तम रंगवला आहे. पावसातही रंग गेलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो निकाल आमच्या कक्षापर्यंत यायला अजून किती वर्षे लागतील, याचा अंदाज आपल्या स्वीय सहायकांनी कळवला तर रुग्णांना तसे सांगता येईल.

मैदानाची गोष्ट याहून लहान आहे असे आपल्याला वाटेल. मला तसे वाटत नाही. समारंभानंतर मंडप गेला, खड्डे राहिले. मध्य रेषेवरच्या तीन पाट्यांच्या, म्हणजे गडी बसतात त्या जागांच्या, ठिकाणी आज खडी आणि खिळे आहेत, एक खांब वाकला आहे आणि मालवाहू गाड्यांच्या चाकांनी केलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या आहेत. सूर मारून गडी बाद करायला शिकलेल्या मुलींना आता मी सूर मारू नका असे सांगते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते. तेव्हा आपल्या छायाचित्रासह अभिनंदनाचे फलक याच मैदानाच्या कुंपणावर लागले होते. फलकाच्या दोऱ्या अजून कुंपणाला आहेत. मैदान बंद पडले की आधी मुली गळतात, कारण मुलगा गल्लीत खेळला तरी चालते आणि मुलीला 'मैदान नाही तर घरी बस' असे सांगणे सोपे जाते. माझ्या संघातल्या दोघी अशा घरी बसल्या आहेत. त्यातल्या एकीच्या पळण्यासारखे पळणे मी या तालुक्यात पाहिलेले नाही.

या दोन जागांचा एकमेकींशी संबंध काय, असे आपले अधिकारी विचारतील. सांगते. सातवीतल्या एका मुलाच्या खिशातून सराव चालू असताना माव्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी पडली. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि तरीही शाळेपासून हाकेच्या अंतरावर पुडी मिळते, हे पोलिसांखेरीज सर्वांना ठाऊक आहे. मी त्या मुलाला रागावले नाही. तो रोज मैदानावर येत राहिला, संघात घेतला गेला, दम लागतो म्हणून त्याने स्वतःच मावा सोडला. कक्षात तोंड न उघडू शकणारे जे चाळिशीतले पुरुष मी पाहते त्यांच्यापैकी अनेकांनी सुरुवात याच वयात केली होती. 'मला सकाळी कुणी मैदानावर बोलावले नाही', असे त्यांच्यापैकी एकाने मला पाटीवर लिहून दाखवले. मैदान मोडून आपण कक्षाकडे जाणारी रांग वाढवता आणि मग कक्षालाही कुलूप लावता. एवढे सुसंगत नियोजन क्वचितच पाहायला मिळते.

माझे काय झाले तेही सांगते, कारण त्या प्रमाणपत्रावर 'आनंदाने सेवा केली' असे छापले आहे. माझी हजेरी कमी भरली आणि दोन विषय राहिले. महाविद्यालयात त्याच प्रमाणपत्राची प्रत जोडून सवलतीचा अर्ज केला, तेव्हा 'सेवा ही निःस्वार्थ असते' असे उत्तर मिळाले. बसभाडे मी शिकवणीच्या पैशांतून भरते. रात्री जेवताना हाताला जखमेचा वास येतो असे वाटून मी ताट सारते. त्या आजोबांनंतर कुणीही खाटेवर किंवा बाकावर बोटांनी ताल धरला की माझ्या पोटात खड्डा पडतो, वर्गातही, बसमध्येही. आई म्हणते, सोडून दे. वडील म्हणतात, सरकारचे काम तू का करतेस? त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडे असेल.

कारण मला जे दिसते ते असे आहे, की जिथे पद भरायला हवे तिथे शासन स्वयंसेवक उभा करते आणि त्याचे तास आपल्या कामगिरीत मोजते. परिचारिका कंत्राटी असते, तिच्या करारात एका दिवसाचा खंड पाडला जातो म्हणजे तिने कायम होण्याचा हट्ट धरू नये. आणि तो एक दिवस कितीही लांबला तरी कुणाच्या पगारातून काही कापले जात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी किमान अंशकालीन निदेशक असावा, असे त्यात लिहिले आहे. आमच्या शाळेचा पट शंभराच्या वर आहे, निदेशक नाही, म्हणून मी आहे. आता तर नव्या शैक्षणिक धोरणानुसार समाजसेवेचे श्रेयांकही मिळतात, त्यामुळे परीक्षेच्या आधी मुलांचे घोळके कक्षात येतात, मरणाऱ्या माणसाशेजारी उभे राहून छायाचित्र काढतात, सही घेतात आणि निघून जातात. त्या मुलांचा मला राग नाही. त्यांना असेच शिकवले आहे.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात. परिचारिकाताईंना विनाखंड पुनर्नियुक्तीचा आदेश द्यावा आणि त्यांच्या जोडीला दुसरी प्रशिक्षित परिचारिका द्यावी, म्हणजे एक सुट्टीवर गेली की कक्ष बंद होणार नाही. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या आणि सुट्टीच्या दिवसाच्या अधिकृत डॉक्टरांकडे लेखी नोंदीने राहावी. मैदानातले खड्डे पावसाळ्यापूर्वी लाल मातीने भरून द्यावेत आणि त्यावर मंडपाला परवानगी देऊ नये. आपल्या सभेलाही नाही.

गौरवाचे प्रमाणपत्र सोबत परत पाठवत आहे. तोंडी आश्वासन आता नको. आदेशाचा जावक क्रमांक कळवावा. समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात हे विषय आले नाहीत, तर त्यांच्या फाइली कुणाच्या टेबलावर किती दिवस होत्या, हे मी माहिती अधिकाराखाली विचारणार आहे. त्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आपली,
तृतीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी